ट्यूलिपचा कंद आणि वसंतांतील ऊब

शेतकऱ्यांच्या मासिकांत ट्यूलिपसारख्या शोभेच्या फुलाची चर्चा कशासाठीं, असा प्रश्न आमचे कांहीं वाचक करतील. परंतु थंडी व ऊब हीं दोन्ही वनस्पतीवर वेगवेगळें कार्य कसें करितात, हें या कंदावरून फार स्पष्ट दिसतें. शिवाय हे कंद हल्लीं आपल्याकडेही विकत मिळतात. तेव्हां त्यांत पैसा घालण्यापूर्वीं त्यांचा स्वभाव ओळखणें बरें.

ट्यूलिपचें मूळ स्थान मध्य आशियांतील डोंगराळ मुलूख होय. तेथें हिवाळा कडक, वसंत अल्पकाळ टिकणारा व उन्हाळा कोरडा असतो. म्हणून हें झाड वसंतांत घाईनें फुलतें आणि उन्हाळाभर कंदरूपानें जमिनींत पडून राहतें. तुर्कस्तानांतून तें युरोपांत गेलें. हॉलंडांतील लायडन येथील बागेंत क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञानें लाविलेले कंद १५९४ सालीं फुलले.

कंद निजलेला दिसतो, पण आंत काम चालूच असतें. उन्हाळ्यांत काढलेला कंद सुमारें २० अंश सेंटिग्रेड उष्णमानांत ठेविला असतां त्याच्या पोटांत पुढील वर्षाचीं पानें व फूल सूक्ष्मरूपानें तयार होतात. पुढें शरदांत लागवड झाली म्हणजे प्रथम मुळें सुटतात. त्यानंतर सुमारें १२ ते १६ आठवडे ९ अंशांच्या आसपास किंवा त्याहून कमी थंडी मिळावी लागते. ही थंडी फूल घडवीत नाहीं. घडलेल्या फुलाचा दांडा वाढण्याचें सामर्थ्य ती देते. थंडी अपुरी पडल्यास पानें कशीबशी वर येतात, दांडा खुजा राहतो व कळी पुष्कळदां आंतच सुकून जाते.

थंडीचा हा हिशेब पुरा झाला म्हणजे पुढील सूत्रें जमिनीच्या उबेकडे जातात. माती लवकर तापली कीं कोंब लवकर वर येतो. वसंत थंड असला कीं तो थांबतो. श्रीनगर येथें दल सरोवराजवळ, झबरवान डोंगराच्या पायथ्याशीं, मोठी ट्यूलिप बाग आहे. ती बहुधा मार्चच्या अखेरीस लोकांस खुली होते, पण फुलांचा नेमका दिवस पंचांगावरून सांगतां येत नाहीं. फूल उमलल्यावर हवा थंड राहिली तर तें पुष्कळ दिवस टिकतें. ऊन एकाएकीं चढलें तर थोडक्याच दिवसांत पाकळ्या गळतात. म्हणून जाणते माळी लवकर, मध्यम व उशिरां फुलणाऱ्या जाती मिळून लावितात, कंद सुमारें १५ सेंटिमीटर खोल पुरतात, आणि जमीन थंड झाल्यावर वर पालापाचोळ्याचें आच्छादन घालून अवेळीं येणाऱ्या उबेपासून कोंब राखतात.

खरी हानि मात्र फुलाची नव्हे, कंदाची होते. लाविलेला कंद त्याच वर्षीं संपतो व त्याच्या जागीं नवे कंद धरतात. त्यांचें पोषण फुलानंतर हिरव्या राहिलेल्या पानांवर अवलंबून असतें. वसंत लवकर तापल्यास पानें अकालीं वाळतात आणि नवे कंद बारीक राहतात. कंद विकणारे हॉलंडचे शेतकरी फूल उमलल्यावर तें खुडून टाकितात, तें याच कारणास्तव. फूल हें दर्शन, कंद हें भांडवल!

यावरून आपल्या मुलखापुरता निर्णय उघड आहे. शीतगृहांत थंडी दिलेले कंद आणून कुंडींत एकदां फूल पाहतां येईल. दिल्लींतही आयात कंदांवर हिवाळ्याअखेरीस फुलें आणितात. परंतु देशावरील फाल्गुन-चैत्राच्या उन्हांत ते कंद पोसून दुसऱ्या वर्षीं पुन्हां फुलतील, या भरंवशावर कोणीं रक्कम गुंतवूं नये.

मग या माहितीचा आपणांस उपयोग काय? तो कांद्याच्या वाफ्यांत आहे. कांद्यास डेंगळे येतात तेही थंडीमुळेंच; मात्र येथें चाल उलट आहे. ट्यूलिपचें फूल उबेंत घडतें व थंडीनें वाढीस लागतें. कांद्यांत थंडीच फूल घडविते. रोप पुरेसें जाड झाल्यावर सुमारें १० अंशांची थंडी कांहीं आठवडे टिकली कीं तें फुलाकडे वळतें, आणि डेंगळ्याचा कांदा साठवणींत टिकत नाहीं. यास्तव रब्बीचें बीं फार अगोदर टाकूं नये, जून झालेलें जाड रोप लावूं नये, व डेंगळे कमी येणारी जातच निवडावी.

थंडी व ऊब आपल्या हातीं नाहींत, पण पेरणीची तारीख व जातीची निवड आपल्या हातीं आहे. प्रत्येक बागाईतदारानें एक साधा उष्णतामापक मळ्यांत टांगून रोजचा किमान व कमाल आंकडा वहींत टिपून ठेवावा. चार-पांच वर्षांच्या त्या नोंदी त्याच्या स्वतःच्या जमिनीपुरत्या कोणत्याही पुस्तकापेक्षां अधिक उपयोगीं पडतील, अशी आमची खात्री आहे.