प्राध्यापकांचे प्रशिक्षण : गरज आणि वस्तुस्थिती

पहिलीच्या वर्गावर उभे राहायचे तर अध्यापनाची पदविका लागते. नववी-दहावीला शिकवायचे तर बी.एड. लागते. मात्र बी.ए., बी.कॉम. किंवा एम.एस्सी.च्या वर्गावर जाणाऱ्या प्राध्यापकाला अध्यापनाची कोणतीही पदवी लागत नाही. पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट वा पीएच.डी. एवढी पात्रता पुरते. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनावर काही प्रश्न असतात हे खरे. पण योग्य पर्यायावर खूण करणे वेगळे आणि ऐंशी मुलांसमोर खडू हातात घेणे वेगळे. आम्ही स्वतः असेच वर्गात गेलो. आमच्या प्राध्यापकांनी आम्हाला टिपणे सांगितली होती, आम्हीही टिपणे सांगू लागलो.

याचा फटका कोणाला बसतो, हे या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. ज्याचे आई-वडील पदवीधर आहेत, तो वर्गात न समजलेले घरी विचारून घेतो. ज्याच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा तो पहिलाच, त्याला वर्गाखेरीज दुसरा आधार नसतो. शिकवणे कच्चे असले तरी तो दोष स्वतःलाच देतो आणि मागच्या बाकावर गप्प बसतो.

ही उणीव शासनाच्या लक्षात आली नाही असे नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ पासून देशभर अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. आपल्याकडे पुणे, मुंबई, नागपूर, अमरावती, औरंगाबाद येथील विद्यापीठांत ती निघाली. २०१५ मध्ये त्यांचे नाव मानव संसाधन विकास केंद्र झाले आणि २०२३ मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र. (पाट्या बदलल्या, खुर्च्या बहुतेक त्याच राहिल्या.) मूळ रचनेत दोन वर्ग होते. नव्या अध्यापकांसाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग, म्हणजे ओरिएंटेशन. आणि अनुभवी अध्यापकांना आपल्या विषयातील नवे ज्ञान देणारा तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग, म्हणजे रिफ्रेशर.

योजना चांगली होती. पण हे वर्ग बढतीशी जोडले गेले. ठरावीक वर्षांत वर्ग पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र नसेल तर वरची श्रेणी मिळत नाही. त्यामुळे अनेकांच्या मनात ‘काय शिकलो’ यापेक्षा ‘प्रमाणपत्र मिळाले का’ हाच प्रश्न राहिला. एकामागून एक पाहुणे येऊन व्याख्याने देतात, आणि व्याख्यान कसे देऊ नये हे कळायला तेवढे पुरते! आम्हीही काही तास डुलक्यांत काढले, हे कबूल केलेले बरे.

तरीही एका गोष्टीने आमचे शिकवणे बदलले. ती म्हणजे सूक्ष्म अध्यापन. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत आकाराला आली. आपल्याकडे तिचे चक्र ३६ मिनिटांचे धरतात. पाच-सहा सहकारी विद्यार्थी होऊन बसतात. आपण सहा मिनिटे शिकवायचे, तेही एकच कौशल्य धरून : प्रश्न विचारणे, उदाहरण देणे किंवा फळ्याचा वापर. पुढची सहा मिनिटे ते काय चुकले ते सांगतात. बारा मिनिटांत पाठ पुन्हा बांधायचा, सहा मिनिटे पुन्हा शिकवायचा आणि शेवटची सहा मिनिटे पुन्हा ऐकून घ्यायचे.

आमच्या पाठानंतर एक सहकारी म्हणाले, “सर, तुम्ही चार प्रश्न विचारलेत आणि चारही उत्तरे तुम्हीच दिलीत.” राग आला. पण घड्याळ खोटे बोलत नव्हते. प्रश्नानंतर आम्ही जेमतेम एक सेकंद थांबत होतो. पुढे वाचनात आले की मेरी बड रो या अमेरिकन विदुषीला तिथल्या प्राथमिक शाळांच्या विज्ञान वर्गांतही हेच आढळले होते. शिक्षक तीन सेकंद किंवा अधिक थांबू लागले तेव्हा उत्तरे लांबली, गप्प राहणे कमी झाले आणि ज्यांना मंद समजले जात होते ती मुलेही बोलू लागली.

घरची बोली वेगळी, पुस्तकाची मराठी वेगळी आणि पाठ्यपुस्तक इंग्रजी, अशा मुलाला उत्तर मनात जुळवायला ते तीन सेकंद लागतातच.

आम्ही परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात हे करून पाहिले. प्रश्न विचारला आणि मनात आकडे मोजले. तीन सेकंद फार लांब वाटतात. शांतता अंगावर येते, आपण विसरलो की काय असे मुलांना वाटते. त्या दिवशी कोणीच बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी खिडकीजवळच्या बाकावरची, वर्षभरात एकदाही तोंड न उघडलेली मुलगी उभी राहिली. उत्तर अर्धे चूक होते. उरलेले अर्धे तिच्या शेजारणीने पुरे केले.