‘तक्रार काही नाही, साहेब’

आजचा विषय चारचौघांत मोठ्यानं वाचायला अवघड आहे. कॅमेऱ्यासमोर बोलताना मीही दोनदा अडखळलो होतो; पुस्तकात ते दिसत नाही एवढंच.

फौजेत आमच्या काळी ‘एफएफआय’ असायची. फ्री फ्रॉम इन्फेक्शन. जवान सुट्टीवरून परतला की डॉक्टर त्याला तपासत. खरूज, पुरळ, जखम, गुप्तरोगाची काही खूण. काही दिसलं नाही की शिक्का, आणि गडी कामावर. कंपनी कमांडर म्हणून तो शिक्का मी डोळे झाकून मानत असे. ज्यांच्यात काही सापडायचं त्यांना मी फैलावर घेत असे, त्यामुळे पुढच्या वेळी माणूस दुखणं लपवायला शिकायचा. हे आज कबूल करतो.

त्याच कंपनीतला एक हवालदार. निवृत्तीनंतर त्याला एचआयव्ही असल्याचं कळलं. एआरटी सेंटरच्या गोळ्या त्यानं परेडसारख्या वेळेवर घेतल्या. सीडी४ उत्तम, व्हायरल लोड चाचणीत सापडत नाही इतका कमी. मग एके दिवशी त्याचा मला महूला फोन आला, ‘साहेब, डाव्या डोळ्यासमोर धुकं येतंय.’ मी म्हटलं, वय झालं, मोतीबिंदू असेल. दोन महिने असेच गेले, त्यात माझ्या सल्ल्याचाही वाटा आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांना आतली सूज दिसली आणि त्यांनी एक साधी रक्ततपासणी लिहून दिली: व्हीडीआरएल. उत्तर आलं, १:१२८. गरमी. म्हणजे सिफिलिस, आणि तो डोळ्यापर्यंत पोचलेला.

‘पण मला तर काही झालंच नव्हतं,’ हे त्याचं पहिलं वाक्य. ते खोटं नव्हतं. गरमीचा पहिला व्रण बहुधा दुखत नाही. तो तोंडात किंवा गुदद्वाराच्या आत असेल तर दिसतही नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. पुढे कधी अंगावर पुरळ येतं, तेही जातं. मग आजार वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि फक्त रक्तात सापडतो. मेंदू, डोळे, कान यांत तो कुठल्याही टप्प्यावर शिरू शकतो. एचआयव्ही असलेल्यांत डॉक्टर याकडे जास्त लक्ष ठेवतात.

परम्याचं, म्हणजे गनोरियाचं, चित्र आपल्या डोक्यात पक्कं असतं: लघवीला जळजळ, पू. मूत्रमार्गात झाला तर बहुतेक वेळा तसंच होतं. पण घशात किंवा गुदद्वारात झाला तर बहुतेकांना काहीच जाणवत नाही. क्लॅमिडिया तर मूत्रमार्गातही मुकाट राहतो. त्याला मराठी नाव नाही ते बहुधा म्हणूनच. हे दोन्ही रक्तात शोधायचे नसतात. जिथे संबंध आला तिथला नमुना लागतो. मूत्रमार्गासाठी लघवी, बाकी ठिकाणी घशाचा किंवा गुदद्वाराचा स्वॅब. फक्त लघवी तपासून ‘सगळं ठीक’ म्हणणं म्हणजे पुढच्या फाटकावर संत्री उभा करून मागची भिंत मोकळी सोडणं. म्हणून ज्या पुरुषाचे पुरुषांशी संबंध आहेत त्यानं ते डॉक्टरांना सांगायला हवं आणि डॉक्टरांनी कपाळाला आठी न घालता विचारायला हवं. सप्टेंबर २०१८ पासून आपल्या देशात दोन सज्ञानांचे संमतीचे असे संबंध गुन्हा नाहीत. एचआयव्ही असलेल्याची माहिती गुप्त ठेवणं तर २०१७ च्या कायद्यानं बंधनकारक केलं आहे.

आता घोटाळा कुठे होतो? व्हायरल लोड सापडत नसेल तर लैंगिक संबंधांतून एचआयव्ही जोडीदाराला जात नाही. हे खरं आहे आणि फार मोठी गोष्ट आहे. पण एआरटीच्या गोळ्या गरमी किंवा परमा अडवत नाहीत. निरोध बाजूला पडतो, रिपोर्ट चांगला येतो आणि माणूस समजतो की आपण सगळ्यातून सुटलो.

आपल्या सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये लक्षणांवरून रंगीत किट देतात: स्राव असेल तर राखाडी, व्रणासाठी पांढरं किंवा निळं. जिथे लॅब नाही तिथे ही पद्धत फार उपयोगाची. पण ज्याला लक्षणच नाही त्याला कुठल्या रंगाचं किट देणार? माझ्या एफएफआयचंही तेच होतं, दिसेल तेवढंच सापडायचं.

म्हणून एचआयव्ही असलेल्या आणि लैंगिक संबंध असलेल्या पुरुषानं तक्रार नसताना वर्षातून एकदा तरी या तपासण्या कराव्यात. जोडीदार अनेक किंवा नवे असतील तर दर तीन ते सहा महिन्यांनी. व्हायरल लोडसाठी हातात सुई जातेच. त्याच वेळी व्हीडीआरएल किंवा आरपीआरचं विचारा. ही तपासणी स्वस्त आहे. स्वॅबची तपासणी महाग पडते आणि मोठ्या लॅबमध्येच होते, ही अडचण खरी आहे. जवळचं केंद्र १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येतं.

एक बारकावा. रक्तात प्रतिपिंडं फारच जास्त असली तर व्हीडीआरएल चुकून निगेटिव्ह येऊ शकते. सीरम पातळ करून पुन्हा पाहिल्यावर खरं कळतं. म्हणून संशय असेल तर डॉक्टर लॅबला तसं कळवतात. दुसरं, टीपीएचए चाचणी उपचारानंतरही बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहते, त्यामुळे तिला घाबरू नये. बघायचा तो व्हीडीआरएलचा आकडा, किमान चौपट उतरतोय का ते. आणि एकदा बरा झालेला माणूस पुन्हा बाधित होऊ शकतो.

लवकर सापडली तर गरमीला बेंझाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं एक इंजेक्शन बहुधा पुरतं. हवालदाराला मात्र दवाखान्यात राहून चौदा दिवस शिरेतून पेनिसिलिन घ्यावं लागलं. उजवा डोळा वाचला. डाव्यानं आता माणूस ओळखू येतो, वर्तमानपत्र वाचता येत नाही. बायकोला सांगायला त्याला आठवडा लागला. तो दिवसातून दोनदा मला फोन करून ‘उद्या सांगतो’ म्हणायचा. अखेर दोघं मिळून गेले. तिची तपासणी निगेटिव्ह आली, तरी डॉक्टरांनी पुन्हा करायला सांगितलं आहे.

सहा महिन्यांनी त्याचा आकडा १:१६ वर आला. पुढचं रक्त नवव्या महिन्यात. या खेपेला स्वॅबचंही विचारीन म्हणाला.