पैसा सर्वांचा, काठ कुणाचा?

मी धरमपेठेत शिकवतो. कॉलेजला येताना नाग नदी ओलांडावी लागते. विद्यार्थी तिला 'नाला' म्हणतात आणि त्यांचे चुकत नाही. अंबाझरीच्या सांडव्यावरून उतरणारे पाणी शहर ओलांडेपर्यंत मैला होते. तोच पुढे कन्हानमार्गे वैनगंगेत जातो. ज्या नदीचे नाव शहराने घेतले, तिलाच शहराने गटार केले.

या नदीसाठी २०२२ साली सुमारे १,९२७ कोटींच्या योजनेला मंजुरी मिळाली. खर्चात केंद्र, राज्य आणि महापालिका तिघांचा वाटा. मैला नदीत पडण्याआधी अडवायचा, शुद्धीकरण केंद्रात न्यायचा, असे हे काम. ते हवेच. माझा बाप नदीच्या खालच्या अंगाच्या वस्तीत वाढला. पावसाळ्यात घरात शिरणारे पाणी कुणाच्या संडासातले, हे त्याला शाळेत न जाताच कळले होते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला, तेव्हा ते वरच्या अंगाच्या बंगल्यांनाही कळले.

पण शुद्धीकरणामागून सुशोभीकरण येते. फिरायची वाट, बाग, तिकीट, फाटक. तिथे जुना प्रश्न उभा राहतो. १९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव आणला. सार्वजनिक पैशाने बांधलेले, राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, हे त्याचे सार. बोट धर्मशास्त्रावर नव्हते, तिजोरीवर होते. महाडच्या नगरपालिकेने तो मानला, तरी चवदार तळ्यापर्यंत पोचायला १९२७ चा सत्याग्रह लागला. तळे खासगी आहे म्हणत सवर्ण कोर्टात गेले. तो वाद हायकोर्टात संपायला १९३७ उजाडले.

'हे जुने झाले, सर,' असे एक विद्यार्थी म्हणाला. मी त्याला अंबाझरी दाखवले. उद्यानाची जागा पर्यटनासाठी खासगी कंपनीकडे गेली आणि २०२१ साली तिथले डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन पाडले गेले. लोकांना धरणे धरून बसावे लागले. जातीचे नाव कुठल्याच कागदावर नव्हते. आता करारनामा पुरतो.

म्हणून वर्गाला मी एक काम दिले आहे. माहितीच्या अधिकारात नदीच्या योजनेचे कागद मागवायचे आणि त्यात तीन शब्द शोधायचे: पुनर्वसन, प्रवेशशुल्क, सफाई कामगार. पहिला अर्ज गेल्या सोमवारी टाकला.