सावित्रीचा उपास तीन रात्रींचाच होता

पेण-रोह्याकडे एखाद्या घरात बायकोला कॅन्सर निघाला किंवा नवऱ्याचं डायलिसिस सुरू झालं, की शेजारपाजार धीर देतो, 'देवावर सोड. श्रद्धा असली की माणूस खचत नाही.' हेतू चांगला असतो. पण थकलात, चिडलात, रडलात तर श्रद्धाच कमी पडली, असा त्याचा उलटा अर्थ सेवा करणाऱ्याच्या डोक्यात घर करतो.

पण थकवा शरीराचा असतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. नाहीतर पाठीला जखमा होतात. ही झोपमोड महिनोन्महिने चालते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात जोडीदाराची सेवा करताना ताण सोसणाऱ्या वृद्धांमध्ये चार वर्षांत मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त आढळलं. सेवा करूनही ताण न जाणवणाऱ्यांत तशी वाढ दिसली नाही.

मग श्रद्धेचा उपयोग नाही? आहे की! रोह्याच्या धावीर महाराजांपुढे हात जोडले, आरतीला चार ओळखीचे भेटले, मन हलकं झालं, हा आधार खराच. 'मागच्या जन्मीचं पाप भोगतेस' हे ऐकवणं मात्र आधारात मोडत नाही. २००१ मध्ये ५९६ आजारी वृद्धांच्या अभ्यासात, देवाने आपल्याला टाकलं असं वाटणाऱ्यांचा मृत्यूचा धोका वाढलेला दिसला.

सेवा हा बायकोचाच धर्म, हाही समज पक्का. बायकोला पेज भरवणारा नवरा दिसला की 'बिचारा' म्हणतात. नवऱ्याला भरवणारीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. वर सावित्रीचा दाखला. पण कथा नीट आठवा: तिचं व्रत तीन रात्रींचं. नंतर ती यमाशी बोलली, अडून बसली, आणि पहिला वर सासऱ्याच्या डोळ्यांसाठी मागितला. मागायला ती लाजली नाही.

'वेदना कमी करणारे उपचार म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले' हेही खोटं. हे उपशामक उपचार मूळ उपचारांबरोबर, निदानापासूनही देता येतात. त्यात घरच्यांचाही विचार असतो. परळच्या टाटा रुग्णालयात त्यासाठी वेगळा विभाग आहे. डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

आणि मन फारच भरून आलं तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६: फोन मोफत, रात्रंदिवस, मराठीत. तो रोग्याच्या जोडीदारासाठीही आहे.