पिकल्या पानाचा धर्म

उत्तराध्ययन सूत्राच्या दहाव्या अध्ययनाचे नाव 'द्रुमपत्रक'. पिकून गळणाऱ्या पानाचा दृष्टान्त देऊन भगवान महावीरांनी तेथे गौतमस्वामींना प्रमादापासून सावध केले आहे. 1972 साली केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी पेशींच्या नियोजित मृत्यूला 'अ‍ॅपॉप्टोसिस' हे नाव दिले. या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थही पाने गळणे असाच आहे.

शरीरात पेशींचा जमाखर्च अखंड चालू असतो. नव्या पेशी जन्मतात आणि जुन्या, बिघडलेल्या पेशी वेळ झाली की आपले खाते स्वतःच मिटवतात. हा व्यवहार जनुके पाहतात. 'पी-53' हे जनुक बिघडलेल्या पेशीला थांबवते आणि दुरुस्ती अशक्य असल्यास तिला मरण्याचा आदेश देते. याउलट 'बीसीएल-2' हे जनुक मृत्यू रोखून धरते. कर्करोग म्हणजे केवळ पेशींची अतिरेकी वाढ नव्हे. मरण्यास नकार हेही त्याचे लक्षण होय.

पुरुषांच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी असते. तिच्या पेशी टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकावर पोसल्या जातात. हे संप्रेरक रोखल्यास तेथील कर्करोग आटोक्यात येतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवले. त्यासाठी त्यांना 1966 चे नोबेल पारितोषिक मिळाले. संप्रेरक थांबताच अनेक पेशी मरतात आणि गाठ आक्रसते. परंतु पुढे पुष्कळ रुग्णांत रोग उलटतो. अशा गाठींत बीसीएल-2 प्रबळ झालेले, तर पी-53 आणि 'पीटेन' ही रक्षक जनुके निकामी झालेली अनेकदा आढळतात.

'बीआरसीए-2' या दुरुस्ती करणाऱ्या जनुकातील दोष तर वारशाने येतो, तोही पित्याकडून वा मातेकडूनही. अशा काही रुग्णांच्या प्रगत रोगावर 'ओलापॅरिब' या औषधाला अमेरिकेत 2020 मध्ये मान्यता मिळाली. दुरुस्तीचा उरलेला मार्गही ते बंद करते आणि रोगट पेशी मरते.

आपल्या घरांत पेढीचा हिशेब दररोज तपासला जातो. लघवीची तक्रार मात्र संकोचापोटी वर्षानुवर्षे लपवली जाते. ती बहुधा ग्रंथीच्या साध्या वाढीचीच असते, हे खरे. पण प्रारंभीचा कर्करोग अनेकदा कोणतेही लक्षण दाखवत नाही. म्हणून पन्नाशीनंतर, आणि वडील वा भावाला हा रोग झाला असल्यास त्याहीआधी, पीएसए या रक्तचाचणीचे लाभ-तोटे डॉक्टरांना विचारावेत. घरातील स्तनाच्या वा बीजांडकोशाच्या कर्करोगाचा इतिहासही त्यांच्यापासून लपवू नये. येथेही प्रमाद नको.