रिकामा मॅक्रो आणि ४०९६ नोंदींमागचा आकडा

गेल्या हिवाळ्यात आमच्या प्रयोगशाळेतल्या एका विद्यार्थ्याने मला एक आलेख दाखवला. लेसरच्या प्रकाशाची तीव्रता, संथपणे वर-खाली होणारी लाट, आणि मध्येच एखादा बिंदू भलतीकडे उडालेला. सेकंदाला हजार नोंदी आणि दिवसभरात असे चुकार बिंदू पाच-सहा. दोन आठवडे तो त्यांचं भौतिक कारण शोधत होता. पंप सुरू होताना विजेचा धक्का बसतो का, कुठली वायर सैल आहे का. शेवटी त्यानेच एक गोष्ट हेरली: प्रत्येक चुकार आकडा त्याच्या आधीच्या ४०९६व्या नोंदीशी शेवटच्या दशांशापर्यंत जुळत होता.

माझ्या पोटात गोळाच आला. नोंदी साठवायचा सी भाषेतला प्रोग्रॅम माझा होता, आणि त्यातल्या गोल रांगेला, म्हणजे रिंग बफरला, बरोबर ४०९६ घरं होती.

त्या प्रोग्रॅममध्ये दोन धागे दोन वेगळ्या कोरवर चालतात. पहिला नोंद घेऊन पुढच्या घरात ठेवतो आणि मग ‘कुठवर भरलं’ हा आकडा एकाने वाढवतो. दुसरा त्या आकड्यावर डोळा ठेवून असतो. तो वाढला की नवं घर वाचून डिस्कवर लिहितो. लिहिणाऱ्याचा गाभा एवढाच:

घर[क्र] = नोंद;
लेखनरोध();
भरले = क्र + 1;

पंगतीचं उदाहरण घ्या. आतले लोक पानं वाढतात आणि मग हाक देतात, ‘चला, पानं घेतली!’ हाक आधी आणि वाढणं मागाहून झालं, तर पाहुणा रिकाम्या पानावर येऊन बसतो. माझ्या बाबतीत पान रिकामंही नव्हतं, त्यावर आधीच्या पंगतीचं उष्टं होतं.

पण ओळी तर क्रमाने लिहिल्या होत्या? हा क्रम दोन ठिकाणी बिघडू शकतो. एक, कंपायलर. एकाच धाग्यापुरता निकाल बदलत नसेल तर तो ओळी पुढे-मागे करायला मोकळा असतो. दुसरा, स्वतः प्रोसेसर. मुख्य मेमरीपर्यंत जाऊन यायला सुमारे शंभर नॅनोसेकंद लागतात. तीन गिगाहर्ट्झच्या कोरसाठी ती तीनशे ठोक्यांची बेकारी झाली. म्हणून कोर लिहायच्या गोष्टी एका छोट्या प्रतीक्षायादीत टाकून पुढे जातो आणि वाचायच्या गोष्टी आधीच वाचून ठेवतो. त्याच्या स्वतःच्या नजरेत सगळं क्रमानेच घडतं. शेजारच्या कोरला मात्र वेगळा क्रम दिसू शकतो.

मेमरी बॅरिअर म्हणजे ‘या रेषेच्या अलीकडचं आधी, पलीकडचं नंतर’ असा हुकूम. बॅरिअरमुळे कॅश मेमरी रिकामी होते असं अनेकांना वाटतं (मलाही पीएचडी संपेपर्यंत वाटायचं). तसं काही नसतं, तो फक्त क्रम बांधतो.

माझ्या हेडर फाइलमध्ये असे दोन मॅक्रो होते, लेखनरोध आणि वाचनरोध. दोन्हींच्या आत एक रिकामी असेंब्ली ओळ होती, ‘मेमरी बदलली असं समज’ एवढंच कंपायलरला सांगणारी. त्यातून यंत्राची एकही सूचना तयार होत नाही. आणि इंटेलच्या जुन्या डेस्कटॉपवर तेवढं पुरेसंही होतं! एक्स८६ प्रोसेसर एका कोरची साधी लेखनं इतरांना क्रमानेच दाखवतो, वाचनंही क्रमाने झाल्यासारखीच वागवतो. त्याची एकच सवलत अशी की आधीचं लेखन यादीत असतानाच पुढचं वाचन उरकून घेता येतं. लिनक्समध्येही एक्स८६साठी एसएमपी_डब्ल्यूएमबी आणि एसएमपी_आरएमबी हे मॅक्रो असेच कंपायलरपुरते आहेत.

मग वीज वाचवायला आम्ही तोच प्रोग्रॅम एका छोट्या आर्म बोर्डवर नेला. आर्म असं कुठलंच वचन देत नाही. दोन लेखनं उलटी दिसू शकतात, दोन वाचनंही. कंपायलरने कुरकुर केली नाही, चाचण्या पास झाल्या, आणि रोज कोट्यवधी नोंदींत पाच-सहा खोट्या शिरत राहिल्या.

आधी मी फक्त लेखनरोधात आर्मची ‘डीएमबी आयएसएचएसटी’ ही सूचना घातली. चुका कमी झाल्या, थांबल्या नाहीत. कारण वाढप्याने शिस्त पाळली तरी पाहुण्यानेही पाळायला हवी. हाक ऐकण्याआधीच पानाकडे बघून ठेवलं असेल तर त्याच्या डोळ्यांसमोर जुनंच पान. वाचनरोधात ‘डीएमबी आयएसएचएलडी’ घातली तेव्हा चुका बंद झाल्या. बॅरिअर जोडीनेच लागतात. नव्याने लिहायचं असेल तर सी११ मानकातले अ‍ॅटॉमिक्स वापरा, हे मी आता सगळ्यांना सांगत सुटले आहे.

वाचणाऱ्याची बाजू टोकाला नेली ती १९९२ साली आलेल्या अल्फा प्रोसेसरने. तो करणाऱ्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचं मुख्यालय मॅसॅच्युसेट्समधल्या मेनार्ड गावात, लोकरीच्या एका जुन्या गिरणीत होतं. मी राहते तिथून गाडीने अर्धा तास. अल्फावर नवा पॉइंटर वाचून त्या पत्त्यावर गेलं तरी तिथे जुनीच माहिती मिळू शके! काही अल्फा यंत्रांत कॅश मेमरी दोन भागांत विभागलेली असे. एका भागाला बदलाची खबर पोहोचलेली, दुसऱ्याची अजून रांगेत. एवढ्यासाठी लिनक्समध्ये एक वेगळा मॅक्रो होता, बाकी सगळ्या प्रोसेसरांवर निव्वळ रिकामा. २०१८च्या जानेवारीत आलेल्या ४.१५ आवृत्तीत त्याचं काम रीड_वन्स या मॅक्रोच्या पोटात गेलं.

आमचा रिकामा मॅक्रो चार महिने चालला होता. ४०९६ नोंदींमागच्या आकड्याशी तंतोतंत जुळणारे बिंदू विद्यार्थ्याने वेगळे काढले. त्यांत योगायोगाने जुळणारे खरे बिंदूही असणार, पण आम्ही सगळेच वगळले. दोन आलेख नव्याने काढले. ज्या तीन दिवसांच्या मापनांवर त्याच्या प्रबंधाचं एक प्रकरण उभं आहे, ती मात्र पुन्हा घ्यायची ठरवली. लेसर सोमवारपासून मिळाला आहे.