संतोष करंडक आणि कोल्हापूर

राष्ट्रीय फुटबॉल अजिंक्यपदाचा संतोष करंडक ज्यांच्या स्मरणार्थ सुरू झाला, ते सर मन्मथनाथ रायचौधरी हे आज बांगलादेशात असलेल्या टांगाईलजवळच्या संतोष येथील जमीनदार असून, इंडियन फुटबॉल असोसिएशन या नावाने देशव्यापी भासणाऱ्या, पण प्रत्यक्षात बंगालचा कारभार पाहणाऱ्या संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांच्या निधनानंतर या संघटनेने दिलेल्या करंडकासाठी 1941 साली पहिली स्पर्धा झाली आणि बंगालनेच ती जिंकली. उपविजेत्यांना मिळणारा कमला गुप्ता करंडक मात्र डॉ. एस. के. गुप्ता यांनी पत्नीच्या सन्मानार्थ दिला.

ही स्पर्धा क्लबांची नसून राज्यसंघांची असल्यामुळे, पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींच्या, म्हणजे मूळच्या कुस्तीच्या आखाड्यांच्या, नावाने शाहू स्टेडियमवर ईर्ष्येने झुंजणाऱ्या कोल्हापूरच्या खेळाडूंना तेथे महाराष्ट्राच्या एकाच रंगात उतरावे लागते; पेठेपेठेतली चुरस पाहता हा बदल लहान नव्हे. महाराष्ट्राने, मुंबई नावाने मिळवलेले 1954-55 चे विजेतेपद धरून, हा करंडक चार वेळा जिंकला असून त्यांपैकी शेवटचा विजय 1999-2000 च्या हंगामातला आहे.